काशीस जावे, व्हाया फ्लोरेन्स

आमच्या जयसिंगपुरात माणूस हरवत नाही. कुणी मनावर घेऊन हरवायचं ठरवलं तरी गाव त्याला साथ देत नाही. शाहू महाराजांनी पट्टी लावून आखलेलं हे गाव. रस्ते सरळ, चौक काटकोनात आणि गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. कोल्हापुरात पत्ता विचारा. सांगणारा माणूस आधी तुम्हाला एका तालमीपाशी नेतो, तिथून पिंपळाच्या पारापर्यंत पोचवतो आणि मग "आता हितं कुणालाबी विचारा" म्हणून मोकळा होतो. आमच्याकडे "अकरावी गल्ली" म्हटलं की विषय संपला. ज्याला दहापर्यंत मोजून त्यात एक मिळवता येतो, तो आमच्या घरी येऊ शकतो. आणि येतातही; वेळ न बघता येतात.

अशा गावात राहणाऱ्या माणसाला भटकायची हौस येणार कुठून? हरवण्याची सोय नसेल तर प्रवासाला काही अर्थ नाही. आमच्या घराण्याला कृष्णेवरचा अंकलीचा पूल ओलांडून सांगलीला जाणं म्हणजे देशांतर वाटे. माझे वडील तिकडून परत आले की पाय धुताना "दमलो बाबा" असं अशा सुरात म्हणायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, गृहस्थ पानिपताहून आले. मी स्वतः हयातभर एका पतसंस्थेत हिशेब लिहिले. माझा सगळ्यांत लांबचा प्रवास म्हणजे तिरुपती, तोही संचालकांच्या सामानावर लक्ष ठेवायला.

तर अशा घरात एके दिवशी "इटली" हा शब्द उच्चारला गेला.

त्याचं असं झालं. आमच्या चिरंजीवांना जर्मनीतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. वय वर्षं एकवीस, सांगलीच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेले, घरात पाण्याचा नळ बदलता येत नाही. पण जर्मन लोकांना ते चालत होतं. आईनं, म्हणजे माझ्या आईनं, विरोध पुकारला. "हितं काय कारखानं न्हाईत व्हय? शिरोळला जा, इचलकरंजीला जा. एवढ्या लांब कशापायी?" ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिचा विरोध सत्याग्रहाच्या जातीचा असतो. बोलत नाही, दोन घास कमी जेवते आणि ते कमी जेवलेले दोन घास ताटात सगळ्यांना दिसतील असे ठेवते. आमच्या सौभाग्यवतींनी विरोध केला नाही. ती नुसती पोराचे स्वेटर उन्हात टाकायला लागली. मे महिन्यात. जयसिंगपुरात.

मग चिरंजीवांनीच तोडगा काढला. "मी जायच्या आधी आपण चौघं मिळून कुठंतरी जाऊ या." सौभाग्यवती म्हणाली, गोवा. मी म्हणालो, खर्चाचा विचार करता गणपतीपुळे. आई म्हणाली, "काशी." ही मागणी जुनी होती. वडिलांनी तिला काशीला न्यायचं वचन दिलं होतं, ते जाताना मला वारसाहक्कानं देऊन गेले, आणि मी ते पतसंस्थेतल्या थकीत कर्जासारखं दरवर्षी नवं-जुनं करत आलो होतो. चिरंजीव म्हणाले, इटली. तीन मतांत एकमत होईना तेव्हा चौथं निवडून आलं. लोकशाहीत असं होतं. काशी पुढच्या वर्षी नक्की, असा पोटठराव मंजूर करून सभा बरखास्त झाली.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. सौभाग्यवतीचे उठले, माझे उठले, चिरंजीवांचे तर मशिनला बोट लागायच्या आतच उठले. आईची बोटं मात्र मशिनला दिसेनात. साठ वर्षं भाकरी थापली. बोटांवरच्या रेघा ज्वारीच्या पिठाबरोबर कधीच तव्यावर गेल्या होत्या. खिडकीमागची मुलगी पुन्हा पुन्हा "जोरात दाबा आजी" म्हणत होती. आई शेवटी म्हणाली, "बाई, परात दे आन् पीठ दे, मग बघ ठसा कसा उठतोय." मुलगी हसली आणि दहाव्या खेपेला तीनच बोटं उठली. तेवढ्या तीन बोटांवर आईला युरोपात घेतलं.

सामानात काय न्यायचं यावर मतभेद नव्हते. भडंग. जयसिंगपूरचा माणूस भडंगाशिवाय चौथ्या गल्लीच्या पुढे जात नाही, हा तर परदेश. पाच किलो भडंग, दोन किलो शेंगदाण्याची चटणी, आणि नरसोबाच्या वाडीचे पेढे. पण युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ न्यायला बंदी आहे हे मुंबईच्या विमानतळावर चिरंजीवांनी फोनवर वाचलं. तेव्हा तो एक किलो पेढा आम्ही चौघांनी तिथंच बाकावर बसून संपवला. दत्ताचा प्रसाद टाकायचा नसतो. विमान कधी सुटलं, मला कळलं नाही.

आमचा टूर मॅनेजर दादरचा होता. त्याच्या हातात एक लाल छत्री. तो ती बंद करून उंच धरायचा आणि आम्ही चाळीस जण तिच्यामागून चालायचो. वारीत पताका असते तशी. आईला ही पद्धत एकदम पसंत पडली. ती पहिल्याच दिवशी छत्रीच्या मागं पहिल्या नंबरला जी लागली, ती शेवटपर्यंत. बाकीची मंडळी फोटो काढत मागं रेंगाळायची आणि आई त्यांना "चला, चला, दिंडी चुकंल" म्हणून हाकायची.

रोममध्ये कोलोसियम पाहिलं. इसवी सन ८० मध्ये खुलं झालेलं मैदान. गाईड सांगत होती, इथं माणसं आणि जनावरं झुंजायची आणि पन्नास हजार लोक बघायला बसायचे. कोल्हापुरात असं सांगतात, की १९०२ च्या युरोपच्या दौऱ्यात शाहू महाराजांनी हे मैदान बघितलं आणि त्यावरून त्यांना खासबागच्या कुस्ती मैदानाची कल्पना सुचली. खासबाग १९१२ मध्ये तयार झालं. आईनं दोन्ही मैदानं पाहिलेली असल्यामुळे तिला निर्णय द्यायचा अधिकार होता. ती सगळीकडे मान फिरवून म्हणाली, "आपलं बरं हाय. हितं मधी खड्डंच हैत. पैलवान पडला तर घावायचा न्हाई."

सेंट पीटरच्या चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना दारातल्या पहारेकऱ्यानं बाजूला काढलं. चिरंजीव अर्ध्या चड्डीत, तेही गेले. आई नऊवारीत, डोक्यावर पदर. पहारेकऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि जरासा झुकून वाट दिली. पुढे दिवसभर तिनं नातवाला सुनावलं, "जर्मनीत धोतर घालत जा."

आणि मग त्रेवीचं कारंजं. याच्याकडे पाठ करून, उजव्या हातानं डाव्या खांद्यावरून नाणं टाकलं की माणूस रोमला पुन्हा येतो अशी समजूत आहे. रोज शेकडो लोक टाकतात. ती नाणी गोळा करून धर्मादाय कामाला देतात. आईला यात नवं काही वाटलं नाही. अंकलीच्या पुलावर गाडी आली की आमच्याकडचे प्रवासी कृष्णेत नाणी टाकतातच. तिनं टाकलं, मी टाकलं, चिरंजीवांनी पाठ करून आणि फोटो काढवून घेऊन टाकलं. सौभाग्यवती मात्र मुठीत नाणं धरून उभी.

"टाक की," मी म्हणालो.

"हे टाकलं की रोमला परत येतात ना?"

"हो."

"जयसिंगपूरला परत यायला कुठं टाकायचं?"

मी कारंज्याकडे बघत राहिलो. पाण्याचा आवाज मोठा होता, त्यामुळे उत्तर न द्यायची सोय झाली. तिनं नाणं पर्समध्ये परत ठेवलं.

पिसाचा मनोरा वाटेत लागला. ११७३ मध्ये बांधायला घेतला, पुरा व्हायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली, आणि तो निम्मा होण्याच्या आधीच कलायला लागला होता. १९९० ते २००१ बंद ठेवून इंजिनिअर लोकांनी तो थोडासा सरळ केला. थोडासाच, कारण पूर्ण सरळ केला तर बघायला कोण येणार? आमच्या इंजिनिअरांनी त्यावर आजीला अर्धा तास व्याख्यान दिलं. माती एका बाजूला मऊ, पाया उथळ, वगैरे. आई म्हणाली, "म्हंजे पोरगं वाकडं निघालं तर जमिनीचा दोष." चिरंजीव गप्प झाले.

मग फ्लोरेन्स. सकाळी मायकेलँजेलोचा डेव्हिड. १५०४ मध्ये पुरा झालेला, सतरा फूट उंच, अखंड संगमरवर, अंगावर चिंधी नाही. आमच्या गटातल्या बायका एकदम छताची कारागिरी बघू लागल्या आणि पुरुष मंडळी घड्याळं. आई मात्र निवांत समोर उभी राहून वर बघत होती. टूर मॅनेजर तिच्या वयाचा विचार करून अवघडला. "आजी, ही कला आहे, बरं का." आई म्हणाली, "मला काय सांगतोस? आमच्या कुंभोजला बाहुबली हाय. अठ्ठावीस फूट. ह्यो त्याच्यापुढं पोरगंच म्हणायचं. पण नाक छान काढलंय."

रस्त्यात एका भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही बऱ्याच वर, दगडाची पाटी होती. खाली रेघ. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचा पूर इथपर्यंत आला होता, असं गाईडनं सांगितलं. हजारो चित्रं, लाखो पुस्तकं चिखलात गेली, आणि कुठून कुठून आलेल्या तरुण पोरांनी ती हातानं उचलून पुसून वाळवली. साऱ्या इटलीत आई पहिल्यांदा इथं थांबली. शिरोळ तालुक्यातल्या माणसाला पुराची रेघ समजावून सांगावी लागत नाही. २००५, २०१९, २०२१. आमच्या भागातल्या भिंतींनाही रेघा आहेत. तिनं चिरंजीवांना हात वर करून रेघेला लावायला लावला. पोचला नाही. "एवढं पाणी," ती म्हणाली, "आन् एवढी चांगली माणसं." त्या गावाशी तिचं तिथं जमलं.

दुपार मोकळी होती. मोकळी म्हणजे कातड्याच्या पर्सा घ्यायला मोकळी. मी टूर मॅनेजरला गाठलं आणि म्हणालो, "आम्हाला छत्री बघायची आहे."

"छत्री? पाऊस नाहीये, काका."

"तशी नव्हे. राजाची छत्री."

त्यानं आपल्या लाल छत्रीकडे पाहिलं आणि ती किंचित मागं घेतली. तेव्हा मला त्याला सगळी हकीकत सांगावी लागली, आणि आता तुम्हालाही सांगतो.

कोल्हापूरच्या गादीवर १८६६ मध्ये राजाराम महाराज दत्तक आले. जन्म १८५०. १८७० मध्ये, समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो असं मानणाऱ्या काळात, हा तरुण राजा विलायतेला गेला. कोल्हापूरच्या छत्रपतींतला समुद्रापार गेलेला हा पहिला. इंग्लंड पाहिलं, व्हिक्टोरिया राणीला भेटला, शाळा पाहिल्या, कारखाने पाहिले, आणि रोजची डायरी लिहिली. ती डायरी पुढे १८७२ मध्ये लंडनला छापून निघाली. परतीच्या वाटेवर युरोपच्या थंडीत तो आजारी पडला आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लोरेन्समधल्या एका हॉटेलात वारला. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, पण तिथं प्रेत जाळायची पद्धतच नव्हती. बरोबरच्या माणसांनी खास परवानगी मिळवली आणि भर थंडीत रात्रीच्या वेळी आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर आपल्या रीतीनं त्याला अग्नी दिला. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभारली. ती आखली मेजर मँटनं. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास आखणारा हाच मँट. आत राजाचा अर्धपुतळा आहे, तो फुलर नावाच्या शिल्पकारानं केला.

टूर मॅनेजर म्हणाला, "वीस वर्षं येतोय इथं. माहीत नव्हतं." आणि त्यानं ट्राम कुठून पकडायची ते लिहून दिलं. "काशीने नावाची मोठी बाग आहे. तिच्या पार टोकाला."

"काय म्हणाला त्यो?" आई मागून म्हणाली.

"काशीने."

"काशी न्हवं?"

"काशी नव्हे आई, काशीने. इटालियन शब्द आहे." चिरंजीवांनी फोनमध्ये डोकं घातलं. "काशीने म्हणजे गोठे. इथल्या जुन्या सरदारांची गुरं असायची तिथं."

"मग काशीच की," आई म्हणाली. "गाई हैत, नदी हाय, संगम हाय, आन् माणसाला अग्नी दिलेला घाट हाय. आणखी काय लागतं काशीला?" तिनं पदर खोचला. माझ्या नावावर तीस वर्षं थकलेलं कर्ज तिनं स्वतःच फेडून घ्यायचं ठरवलं, त्याला मी कोण आडवा येणार?

ट्राममधून उतरलो तर बाग संपता संपेना. साडेतीन किलोमीटर लांब. झाडं उंच, सावली गार, माणसं सायकलवरून किंवा पळत. सौभाग्यवती म्हणाली, "ही सगळी कुणाच्या मागं लागलीत?" मध्येच वाट फुटली तेव्हा आम्ही थांबलो. जयसिंगपूरचा माणूस नंबर नसलेल्या वाटेवर लगेच ओळखू येतो. एक म्हातारे गृहस्थ कुत्रं घेऊन येत होते. मी इंग्रजीत विचारलं; त्यांना ते कळलं नाही. मग त्यांचं लक्ष आईच्या नऊवारीकडे गेलं आणि चेहरा उजळला. "इंडियानो! इंडियानो!" असं म्हणून ते काठीनं समोरची वाट दाखवू लागले. तिथले लोक त्या छत्रीला 'इंडियानो'च म्हणतात. शेजारच्या मोठ्या पुलालाही तेच नाव दिलंय. १९७८ मध्ये खुला झालेला पूल. म्हणजे वीस वर्षांचं आमचं पोरगं परक्या मुलखात गेलं, आणि त्या मुलखानं त्याच्या नावानं पत्ता सांगायला सुरुवात केली.

आणि मग छत्री दिसली. चार खांब, वर घुमट, कोल्हापुरात कुठंही खपून जाईल अशी. चारी बाजूंना चार भाषांत लेख. आत रंगवलेला अर्धपुतळा. पागोटं, गळ्यात दागिने, आणि चेहरा कॉलेजच्या गॅदरिंगला बळंच नटवून बसवलेल्या पोराचा असतो तसा. एका अंगाला आर्नो, दुसऱ्या अंगानं ओढ्याएवढी मुन्योने येऊन तिला मिळते. वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तशीच, मुकाट्यानं.

आईनं चपला काढल्या. पिशवीतून भडंगाची पुडी सोडली आणि एका कागदावर मूठभर भडंग पायरीच्या कडेला ठेवलं. "पेढं तुम्ही खाल्लासा. दुसरं काय ठेवू राजापुढं?"

आता, हिशेबनीस माणसाला गप्प बसवत नाही. गेले आठ दिवस माझ्या डोक्यात एक हिशेब तयार होत होता, आणि तो मांडायला याहून चांगली जागा मिळाली नसती. मी म्हणालो, "बघा हं. हा गेला १८७० मध्ये. मूल नाही, म्हणून १८७१ मध्ये चौथे शिवाजी दत्तक आले. ते १८८३ मध्ये अहमदनगरला वारले. त्यांनाही मूल नाही, म्हणून १८८४ मध्ये कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचा मुलगा दत्तक घेतला. तेच शाहू महाराज. त्यांचा जन्म १८७४ चा, म्हणजे ही छत्री उभी राहिली त्याच वर्षीचा. त्यांनी पुढं गाव वसवलं आणि त्याला आपल्या वडलांचं नाव दिलं: जयसिंगपूर. म्हणजे हा इथं गेला नसता तर शाहू महाराज गादीवर आले नसते, ते आले नसते तर राखीव जागा नाहीत, वसतिगृहं नाहीत, खासबाग नाही, जयसिंगपूर नाही आणि अकरावी गल्ली तर नाहीच नाही. आपल्या गावाचा पाया इथं, फ्लोरेन्समध्ये आहे!"

हिशेब पै न् पै जुळला होता. चिरंजीव चक्क म्हणाले, "बाबा, भारी." सौभाग्यवती काही बोलली नाही. ती पुतळ्याच्या समोर उभी राहून बोटं मोजत होती. मग हळूच म्हणाली, "वीस. आपल्या ह्याच्यापेक्षा एक वर्षानं लहान."

आई माझ्याकडे बघत म्हणाली, "हिशेब बरोबर हाय तुझा. पण त्याच्या आईला सांगशील का?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. नदीवरून वारा येत होता. समोरच्या झाडावर एक कावळा बसला होता. तिकडच्या कावळ्यांचं अंग करडं असतं, जाकीट घातल्यासारखं. आईनं त्याला केव्हाच हेरलं होतं. ती भडंगाकडे बघायची, कावळ्याकडे बघायची. कावळा काही हलेना.

"शिवंना," ती म्हणाली. "काहीतरी राहिलंय त्याच्या मनात."

"अगं आई, दीडशे वर्षं झाली!"

"तवर कुणी विचारलंय त्याला?" ती पुतळ्याकडे वळली आणि वाडीच्या घाटावर बोलावं तसं मोठ्यानं बोलू लागली. "बाबा, तुझ्या नावाचं कॉलेज हाय कोल्हापुरात. राजाराम कॉलेज. लई पोरं शिकली." कावळा बसलेलाच. "तुझ्या मागनं राज्य चांगल्या हातात गेलं बघ. काळजी करू नगंस." कावळ्यानं पंख झटकला आणि पुन्हा मिटला. सायकलवरून चाललेलं एक जोडपं उतरून उभं राहिलं. चिरंजीव अवघडून "आजी, चल ना" म्हणत होते.

आई थोडी थांबली. मग तिनं त्याच्याच दंडाला धरलं आणि पुढं केलं. "ह्यो माझा नातू. जर्मनीला चाललाय शिकाय. हितनं फार लांब न्हाई म्हणं. त्यो येत जाईल तुला भेटाय. एकटा हाईस म्हणून वाटून घेऊ नगंस."

कावळा उतरला की. दोन उड्या मारून कागदापाशी आला, मान तिरपी केली, आणि एक शेंगदाणा उचलून गेला. भडंगात कावळ्याला शेंगदाणाच दिसणार हे मी कुठल्याही कोर्टात सांगायला तयार आहे. पण त्या क्षणी मी बोललो नाही. सौभाग्यवतीनं पर्स उघडली, त्रेवीच्या कारंज्यापाशी परत ठेवलेलं नाणं काढलं आणि संगमात टाकलं. पाठ करून नव्हे. नीट समोर बघून.

येताना वाटेत ती चिरंजीवांना म्हणाली, "राजा असून रोज डायरी लिहीत होता तो. तू डायरी नको लिहूस. 'जेवलो' एवढं लिहून पाठवत जा. रोज."

पुढे व्हेनिस झालं. गल्ल्यांत पाणी, पाण्यात होड्या, आणि २०२४ पासून ठरावीक दिवशी नुसतं दिवसापुरतं येणाऱ्याकडून प्रवेश फी. आई म्हणाली, "यात्राकर हाय म्हणायचा." पण तिचं लक्ष नव्हतं. एकदा काशी झाली की पुढचं फिरणं मनाला लागत नाही. तिनं संगमाचं पाणी एका लहान बाटलीत भरून कपड्यांत गुंडाळलं होतं आणि ती बाटली विमानात फुटेल या एकाच काळजीत तिनं अख्खं व्हेनिस काढलं.

गावी आल्यावर तिनं मावंदं घालायला लावलं. काशी करून आल्यावर घालतात ते. अकराव्या गल्लीत पन्नास पानं उठली, पुरणपोळी झाली, बाटलीतलं पाणी पूजेला लागलं. शेजारच्या तंबाखूवाल्या आण्णांनी पंगतीत विचारलं, "काय वो काकू, विश्वनाथाचं दर्शन झालं का?" आई तूप वाढत म्हणाली, "त्यो सगळीकडं हाय की. आपल्या राजाचं झालं."

ऑक्टोबरात चिरंजीव गेले. मध्यरात्र उलटल्यावर सौभाग्यवतीच्या उशाशी फोन खुट्ट करतो: 'जेवलो.' कधी कधी नुसतं 'जे'. सकाळी आई अंगणात विचारते, "जेवला?" आणि तिला दोन घास जास्त जातात.

तीस नोव्हेंबरला मात्र फोटो आला. छत्री, मागं धुकं, पुढं आमचे चिरंजीव स्वेटर घालून. मे महिन्यात जयसिंगपूरच्या उन्हात वाळवलेला तोच. पायरीवर कागद. खाली लिहिलं होतं: 'आजीला सांगा, जाऊन आलो. शेवटचं भडंग ठेवलं. कावळा लगेच आला. उरलेलं मी खाल्लं.'

आईनं चष्मा लावून फोटो दोनदा पाहिला. मग फोन परत देत म्हणाली, "बरं झालं. दोघंबी जेवली."